पवित्र टेकडीवरचे दोन मठ

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत गोव्याला जाऊन आलेल्या मंडळींना ‘जुने गोवे पाहिलेत का?’ असे विचारले, तर बहुतेक जण मोठ्या हौसेने मान डोलावतात. सेंट झेवियरचे शव ठेवलेली बॉम जेझूची इगर्ज पाहिली, समोरचे भव्य से कथीड्रल पाहिले, मुलांनी नारळपाणी घेतले, दाराशी छायाचित्र काढले आणि मोटार मंगेशीच्या रस्त्याला लागली! कोल्हापुरातून आंबोलीचा घाट उतरून जाणाऱ्या आपल्या मंडळींचा तर हा ठरलेलाच कार्यक्रम. बॉम जेझूच्या पाठीमागून पश्चिमेकडे एक चढण जाते, पाच-दहा मिनिटे पायी चालले की आपण एका टेकडीवर येतो, आणि सबंध जुन्या गोव्यात पाहण्यासारखे जर काही असेल तर ते तिथे आहे, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते.

या टेकडीला पोर्तुगीज लोक ‘मोंती सांतु’ म्हणजे पवित्र टेकडी म्हणत. तिच्या टोकाशी रोझरी मातेची छोटी इगर्ज आहे. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अफोन्स दि आल्बुकेर्कने विजापूरच्या आदिलशहाकडून गोवे जिंकले, तेव्हा याच उंचवट्यावरून तो लढाईचा रंग पाहत होता असे सांगतात. पण आज आपल्याला जायचे आहे ते तिच्या अलीकडे. तिथे रस्त्याच्या एका अंगाला जांभ्या दगडाचा एक अर्धवट मनोरा आभाळात घुसलेला दिसतो. त्याच्या पायथ्याशी भिंतींचे बुंधे, फरशा आणि गवत. दुसऱ्या अंगाला पांढऱ्या चुन्याने रंगवलेली, तिमजली, किल्ल्यासारखी बंदिस्त इमारत, धडधाकट उभी.

मनोरा सेंट ऑगस्टीनच्या मठाचा. इमारत सांता मोनिकाची. पहिला पुरुषांचा, दुसरा स्त्रियांचा. दोन्ही एकाच पंथाचे, दोन्ही जवळपास एकाच पिढीत बांधलेले, दोघांचा दगडही एकच. सांता मोनिका ही तर संत ऑगस्टीनची आई. म्हणजे आई आणि मुलगा रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर राहायला आले असे म्हणायला हरकत नाही. मग मुलाचे घर जमीनदोस्त झाले आणि आईचे तेवढे शाबूत राहिले, ते का? याचे उत्तर बांधकामात शोधून सापडत नाही. ते १८३४ सालच्या एका सरकारी हुकमात आहे. पण तिथवर जाण्यापूर्वी हे मठ झाले कसे, ते पाहू.

ऑगस्टीन पंथाचे साधू गोव्यात आले १५७२ साली. फ्रान्सिस्कन, जेझुइट आणि डोमिनिकन त्यांच्या आधीच येऊन शहरातल्या मोक्याच्या जागा धरून बसले होते. उशिरा आलेल्या या पाहुण्यांनी टेकडी पसंत केली, आणि ‘कृपेच्या माते’च्या नावाने १५९७ ते १६०२ या पाच वर्षांत अशी काही इगर्ज उभी केली की बाकीच्यांनी मान वर करून पाहत राहावे. तिला चार मनोरे होते. आज उरलेला मनोरा त्यांच्यापैकीच एक; पाच मजल्यांचा, ४६ मीटर, म्हणजे दीडशे फूट उंच. मांडवीतून येणाऱ्या गलबतांना हे मनोरे दुरूनच दिसत असले पाहिजेत. आत दोन्ही अंगांना मिळून आठ उपमंदिरे, डोक्यावर जांभ्याचीच प्रचंड कमानदार घुमटी, भिंतींना पोर्तुगालहून आणलेल्या रंगीत चिनी मातीच्या फरश्या. जमिनीवर थडग्यांचे दगड बसवलेले, त्यांवर मोठमोठ्या घराण्यांची चिन्हे कोरलेली. हे दगड आजही उघड्या आभाळाखाली जागच्या जागी आहेत, आणि पावसाळ्यानंतर त्यांवरचे शेवाळे निघाले की कोरीव काम चांगले दिसते.

याच पंथातला एक कर्तबगार पुरुष, आलेइशु दि मेनेझिस, १५९५ साली गोव्याचा आर्चबिशप झाला. केरळातल्या जुन्या सीरियन ख्रिस्ती समाजाला रोमच्या आज्ञेत आणण्यासाठी १५९९ साली उदयंपेरूर येथे जी धर्मसभा भरली, ती यानेच भरवली होती. पुढे १६०७ ते १६०९ तो गोव्याचा गव्हर्नरही होता. एका हातात धर्मदंड आणि दुसऱ्या हातात राजदंड! या मेनेझिसच्या डोक्यात स्त्रियांसाठी मठ काढण्याचे आले. २ जुलै १६०६ रोजी सांता मोनिकाचा पाया घातला गेला आणि १६२७ साली इमारत पुरी झाली.

स्त्रियांच्या मठाची गरज का भासली, हे समजायला त्या वेळचे गोवे डोळ्यांपुढे आणले पाहिजे. लिस्बनहून दरवर्षी तरुण शिपाई येत. ताप, हगवण आणि लढाया यांत त्यांतले कितीतरी मरत. मागे विधवा आणि मुली उरत. पोर्तुगालचा राजा तिकडच्या अनाथ मुलींनाही जहाजात बसवून गोव्याला पाठवी. त्यांना ‘राजाच्या पोरक्या मुली’ म्हणत. त्यांच्याशी लग्न करणाऱ्याला हुंडा म्हणून सरकारी नोकरी मिळे! (आपल्याकडचे वरपिते हे वाचून हळहळतील.) मेनेझिसने पोरक्या आणि कुलीन स्त्रियांसाठी एक आश्रम काढला, पश्चात्ताप पावलेल्या स्त्रियांसाठी दुसरा काढला, आणि ज्यांना खरोखर संन्यासच घ्यायचा होता त्यांच्यासाठी हा सांता मोनिकाचा मठ.

अर्थात मठात जायचे तरी हुंडा लागेच. नवऱ्याऐवजी तो मठाला द्यायचा, इतकाच फरक. शंभरावर जोगिणी राहतील एवढा हा मठ आशियातला सर्वांत मोठा मानला जाई. श्रीमंत घरच्या मुली आणि विधवा आपल्या पैशाअडक्यासह आत जाऊ लागल्या, मठाच्या जमिनी वाढू लागल्या, आणि शहरच्या नगरसभेने राजाकडे कुरकुर सुरू केली. साधारण तक्रार अशी की लग्नाच्या मुली आणि शहराचा पैसा दोन्ही या भिंतींआड गडप होत आहेत, मग तरुणांनी करावे काय? बाजू कोणाची खरी होती ते जाऊ द्या. पण ज्या काळात मुलीला बापाने दाखवलेल्या नवऱ्याखेरीज दुसरी वाट नव्हती, त्या काळात काही जणींना ही बंदिस्त भिंत हीच मोकळीक वाटली असेल, असे मला राहून राहून वाटते. मात्र आतही सगळ्या सारख्या नव्हत्या. वरच्या दर्जाच्या जोगिणींना काळा बुरखा आणि कामकाज पाहणाऱ्यांना पांढरा, असा भेद होता. आणि मठ मुख्यतः पोर्तुगीज रक्ताच्या घराण्यांचा होता, हेही विसरून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. या टेकडीवर घंटा घणघणत होत्या, त्याच्या आधीच साष्टी-बार्देशातली देवळे पडली होती. मंगेशाला कुशस्थळीहून आणि शांतादुर्गेला केळोशीहून नदीपलीकडे अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंड्याच्या बाजूला, आसरा घ्यावा लागला होता. १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन गोव्यात बसले होते. तेव्हा या इमारतींकडे पाहताना आपल्या मनात दोन्ही गोष्टी एकदम येतात. येऊ द्याव्यात. दगड कोणाच्याही हुकमावरून रचलेला असो, तो घडवणारा आणि डोक्यावरून वाहून नेणारा गडी इथल्याच मातीतला होता.

आता थोडे त्या दगडाविषयी. कोल्हापूरकराला सवय काळ्या कातळाची. अंबाबाईचे देऊळ घ्या की मेजर मँटने आराखडा केलेला नवा राजवाडा घ्या. पाऊस कितीही कोसळला तरी या दगडाला त्याचे काही नाही. गोव्याचा दगड म्हणजे जांभा. आपल्या पन्हाळ्याच्या माथ्यावर तो आहेच. खाणीतून काढताना मऊ, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येणारा, आणि वाऱ्याउन्हात ठेवला की घट्ट होणारा. पण त्याच्या अंगभर छिद्रे. उघडा ठेवला की पाणी पितो आणि वर्षानुवर्षे पीत राहिला की भुगा होतो. म्हणून गोव्यातल्या कारागिरांनी जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा जाड गिलावा दिला, आणि दरवर्षी पावसाळ्याआधी किंवा नंतर सफेदी करण्याचा रिवाज पडला. कोरीव कामाला जांभा उपयोगाचा नाही, म्हणून बॉम जेझूच्या दर्शनी भागासाठी थेट वसईहून काळा दगड गलबतांतून आणला. वसई तेव्हा त्यांचीच होती. चिमाजीअप्पाला यायला अजून सव्वाशे वर्षांहून जास्त अवकाश होता.

या गिलाव्याचे महत्त्व ज्यांना पटवून घ्यायचे असेल त्यांनी बॉम जेझूच पाहावी. तिच्या बाहेरच्या भिंती आज लालभडक उघड्या दिसतात आणि लोकांना वाटते की ती मुळातच तशी आहे. तसे नाही. १९५२ साली झेवियरच्या शवाच्या प्रदर्शनाच्या सुमारास बाल्ताझार दि कास्त्रु नावाच्या पोर्तुगीज वास्तुशास्त्रज्ञाने तिचा गिलावा खरवडून काढला. इमारत अधिक ‘प्राचीन’ दिसावी ही हौस! तेव्हापासून दर पावसाळ्यात तो जांभा झिजतो आहे आणि त्याला पुन्हा चुना लावावा की नाही यावर वाद चालू आहेत. अंगावरचे वस्त्र काढून घेऊन म्हाताऱ्या माणसाला पावसात उभे करण्यासारखे ते झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

सांता मोनिकाकडे वळू. बाहेरून पाहिले तर दिसतात त्या भिंतींना बाहेरून दिलेल्या दगडी टेकवणी, वर गेलेले तीन मजले आणि उंचावरच्या लहान खिडक्या. जुन्या खिडक्यांना गोव्यात काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे लावीत, त्यांतून दुधाळ उजेड आत येई आणि बाहेरचे काही दिसत नसे. जोगिणींच्या मठाला याहून सोयीचे काय असणार! आत मधोमध मोठा चौक आणि त्याच्या चारी बाजूंना कमानींच्या ओवऱ्या. आपल्या चौसोपी वाड्याची आठवण व्हावी अशी ही रचना आहे. सगळी तोंडे चौकाकडे, रस्त्याकडे फक्त पाठ. इगर्जीचा दरवाजाही नेहमीप्रमाणे वेदीच्या समोर नाही, तो बाजूच्या भिंतीत आहे. कारण जोगिणींच्या इगर्जीत वेदीसमोरचे टोक खुद्द जोगिणींच्या बसण्याचे. त्या जाळीआडून प्रार्थना म्हणत आणि बाहेरचे लोक बाजूने येऊन बाजूने जात. आवाज ऐकू येई, चेहरा दिसत नसे.

१६३६ हे साल या मठाच्या इतिहासात फार मोठे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत इथल्या क्रुसावरच्या ख्रिस्तमूर्तीने डोळे उघडले, तिच्या जखमांतून रक्त वाहिले, असे जोगिणींनी सांगितले आणि शहर लोटले. तो क्रूस इथल्या छोट्या मंदिरात आजही भाविकांना दाखवतात. त्याच वर्षी मठाला आग लागली. वर्षभरात इमारत पुन्हा उभी राहिली. आज दिसते ती बव्हंशी तीच.

भगिनीवर्गासाठी एक गोड माहिती. गोव्याची प्रसिद्ध ‘बिबिंक’ ही थरांची मिठाई याच मठात जन्मली अशी दंतकथा आहे. बिबियाना नावाच्या जोगिणीने सात थरांची केली आणि पाद्रीबोवांना चाखायला दिली. त्यांना ती आवडली, पण पुरली नाही! ‘थर वाढव’ असा निरोप आला आणि ते सोळावर गेले. जोगिणींच्या कपड्यांना खळ करायला अंड्यातला पांढरा भाग लागे, पिवळा शिल्लक राही, त्यातून पोर्तुगालच्या मठांतली अनेक पक्वान्ने निघाली असे म्हणतात. नारळाचे दूध तेवढे आपले.

ऑगस्टीनच्या बाजूला जोगिणींसारखी नाही, पण एका राणीची कथा आहे आणि ती काळीज हलवणारी आहे. कॉकेशस पर्वतातल्या जॉर्जिया देशात काखेती नावाचे राज्य होते. तिथल्या राजमाता केतेवान इराणच्या शहा अब्बासच्या दरबारी ओलीस म्हणून गेल्या आणि पुढे कैदेत पडल्या. धर्म सोडा म्हणून त्यांना सांगण्यात आले. त्यांनी सोडला नाही. २२ सप्टेंबर १६२४ रोजी शिराझ येथे त्यांचे हाल करून त्यांना ठार मारण्यात आले. ऑगस्टीन पंथाचे साधू तेव्हा शिराझमध्ये होते. त्यांनी राणीच्या अस्थी मिळवल्या आणि त्यांतला काही भाग १६२७ साली गोव्याला आणला. मठाच्या सभागृहातल्या एका खिडकीशेजारी, काळ्या दगडाच्या पेटीत तो ठेवल्याची नोंद जुन्या पोर्तुगीज कागदांत राहिली. पेटी आणि खिडकी मात्र ढिगाऱ्याखाली गेली.

तो ढिगारा कसा झाला? पोर्तुगालमध्ये यादवी झाली, तीत उदारमतवादी पक्ष जिंकला, आणि साधूंनी विरुद्ध पक्षाची तळी उचलली म्हणून ३० मे १८३४ च्या हुकमाने पुरुषांचे सारे पंथ बरखास्त झाले. मठांची मालमत्ता सरकारजमा. हुकूम पुढच्या वर्षी गोव्यात लागू झाला आणि १८३५ साली ऑगस्टीनच्या साधूंना मठ सोडावा लागला. स्त्रियांच्या बाबतीत मात्र सरकारने थोडी दया, थोडी धूर्तता दाखवली. जोगिणींना बाहेर काढायचे नाही. फक्त नवी मुलगी आत घ्यायची नाही. शेवटची मरेल तेव्हा मठ आपोआप बंद.

साधू गेले. त्यानंतर कोण कौले चाळणार, कोण गटारे साफ करणार, कोण कमानीच्या फटीतले पिंपळाचे रोप उपटणार? कोकणात ज्यांचे घर आहे त्यांना सांगायला नको की मे महिन्यात घर शाकारले नाही तर जूनमध्ये काय होते. सात पावसाळे गेले, आणि १८४२ साली इगर्जीची ती अवाढव्य घुमटी कोसळून आतल्या मुख्य मूर्तीसकट सारे गाडले गेले. मोठी घंटा वाचली होती. ती आधी आग्वादच्या दीपस्तंभात टांगली गेली आणि १८७१ साली पणजीच्या इगर्जीवर चढली. पणजीच्या चौकातून ज्या पांढऱ्या जिन्यांकडे पाहून सिनेमावाले खूष होतात, त्यांच्या माथ्यावरची घंटा ती हीच. १९३१ साली दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला. उरला तो आज आपल्यापुढे आहे.

रस्त्यापलीकडे जोगिणी राहत होत्या. शंभरांसाठी बांधलेल्या घरात, दरवर्षी थोड्या कमी. नवी कोणी येणार नाही हे पक्के ठाऊक. बाहेर शहर तर कधीच ओस पडले होते. व्हाइसरॉय १७५९ साली पणजीला राहायला गेला आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. समोरच्या मठाची घुमटी कोसळली तेव्हाचा आवाज या बायकांनी आपल्या ओवरीत ऐकला असणार. तरीही चौक झाडला जात होता, भिंतींना चुना लागत होता, पावसाआधी छपराकडे कोणी तरी वर पाहत होते. घरात माणूस आहे, चुलीचा धूर निघतो आहे, एवढ्यावर घर उभे राहते. शेवटची जोगीण १८८५ साली वारली. १८३५ साली ती अगदी विशीतली असली, तरी सत्तरीची झाली असेल. पन्नास वर्षे या बायकांनी ती इमारत मरू दिली नाही, आणि तेही आपल्यामागे ती कोणाच्या उपयोगी पडेल याची काडीची आशा नसताना.

कोणी म्हणेल, बॉम जेझूचे जेझुइटही १७५९ साली हाकलले गेले होते, मग ती का पडली नाही? कारण तिथे झेवियरचे शव होते आणि भाविकांचा राबता कधी थांबला नाही. से कथीड्रल आर्चबिशपचे, म्हणून तेही राखले गेले. १७७६ साली तिचा एक मनोरा पडला तो तेवढा परत बांधला नाही. ऑगस्टीनकडे ना संताचे शव, ना आर्चबिशप.

त्या राणीच्या अस्थींचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी जुने कागद हाती धरून ढिगारे उपसले आणि २००४ साली त्यांना एका मानवी हाडाचा लांबट तुकडा सापडला. पण सापडले ते राणीचेच कशावरून? हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी त्या हाडातले आनुवंशिक द्रव्य तपासले. आईकडून लेकरांना जाणारी जी खूण असते, तिचा तिथला प्रकार आपल्या देशातल्या हजारो नमुन्यांत आढळला नाही, जॉर्जियातल्या नमुन्यांत आढळला. २०१३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. २०१७ साली अस्थी काही काळासाठी जॉर्जियाला पाठवल्या, तिकडे दर्शनाला रांगा लागल्या. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी अस्थींचा एक भाग जॉर्जियाच्या सरकारला कायमचा भेट दिला. जवळजवळ चारशे वर्षांनी राणी माहेरी गेली.

सांता मोनिकात १९६४ सालापासून माते देई ही संस्था आहे. ठिकठिकाणच्या जोगिणी तिथे धर्मशिक्षणासाठी येऊन राहू लागल्या, म्हणजे चौक पुन्हा झाडला जाऊ लागला. इगर्जीच्या भागात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. ते १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत सुरू झाले, २००२ साली इथे आले आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२ साली पुन्हा उघडले. चांदीची पात्रे, हस्तिदंती मूर्ती, भरतकामाची वस्त्रे यांतली कारागिरी नीट पाहिली तर येशूच्या आणि मेरीच्या मूर्तींत कुठे आपल्याकडचे डोळे, कुठे आपल्याकडची वेलबुट्टी दिसते. मुलांना बरोबर न्यावे. जायचे तर सकाळी लवकर, ऊन चढण्यापूर्वी. आधी संग्रहालय न पाहता मनोऱ्याखाली जावे, गवतातल्या थडग्यांच्या दगडांवरून जपून चालावे, आणि मग रस्ता ओलांडून पांढऱ्या भिंतीच्या दारातून आत शिरावे.